मास्तरांच्या घरावरची चिंधी

नानामास्तर गेल्याचे कार्ड मला नौपाड्यात मिळाले. ठाण्याच्या कोर्टात काम होते म्हणून मुलीकडे उतरलो होतो. असल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, त्यामुळे काय झाले ते वाचायच्या आधीच कळते. कोण गेले एवढेच पाहायचे राहते. ओटीवर उभ्यानेच वाचले. असे कार्ड घरात ठेवू नये, वाचून फाडून टाकावे, ही रीत मला ठाऊक आहे, आणि मुलीने आतून आठवणही केली. तिच्या समाधानासाठी आंघोळ केली. कार्ड मात्र कोटाच्या खिशातच राहिले. पाच आठवडे झाले, अजून तिथेच आहे.

आमच्या म्युनिसिपालिटीने त्याच आठवड्यात दुखवट्याचा ठराव केला. मास्तरांनी घालून दिलेल्या वाऱ्याच्या नियमामुळे गावची हवा निर्मळ राहिली, त्यांचे हे उपकार गाव विसरणार नाही, अशा अर्थाचा तो ठराव आहे. मी कमिटीचा सभासद, तेव्हा खाली माझीही सही आहे. आता ज्या माणसाने आयुष्याची शेवटची तीन वर्षे तोच नियम मोडून काढण्यात घालवली, त्याला त्या नियमाबद्दल हार घालायचा, आणि तोही त्याला उठून दोन शब्द बोलता येणार नाहीत अशा वेळी... मेलेल्या माणसाची याहून मोठी थट्टा मी पाहिलेली नाही. या पत्राच्या संपादकांनी पुरवणीसाठी मास्तरांचे गुण गाणारा लेख मागितला होता. गुण ओघाने येतील. आधी जे घडले ते लिहितो. गावाचे नाव घालत नाही. ठाणे आणि कल्याण यांच्या मधे खाडीला लागून जी चार-दोन गावे आहेत, त्यांतले एक समजावे.

नाना आणि मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत एका बाकावर बसलो. पुढे तो गावच्या शाळेत मास्तर झाला आणि मी वकील. माझे नाव भिकाजी. त्याने मला जन्मभर भिकोबा म्हटले, तेही भर कोर्टाच्या आवारात, अशिलांच्या देखत. मुलांना भूगोल शिकवता शिकवता त्याला वाऱ्याचे वेड लागले. गावाच्या पूर्व टोकाला, जरा चढावर, त्याचे घर. कौलांवर त्याने वेळूची एक काठी उभी केली आणि तिच्या टोकाला जुन्या धोतराची हातभर चिंधी बांधली. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, चिंधी कुठल्या अंगाला फडकते ते बघून वहीत लिहायचे. राधावहिनी म्हणत, यांचे धोतर फाटायच्या आधीच त्याची वाटणी ठरलेली असते, अर्धे वाऱ्याला आणि अर्धे पोतेऱ्याला. आम्ही हसायचो. पण पावसाळा सोडला तर आमच्याकडे सकाळी वारा खाडीकडून गावात येतो आणि दुपारी उलटून गावातून खाडीकडे जातो, हे चाळीस वर्षे त्या गावात राहून मला कळले नव्हते. ते नानाच्या वहीतून कळले.

पटकीच्या साथीनंतर वरून हुकूम आला की गावाचा कचरा गावाबाहेर नेऊन जाळावा. कमिटीने नानाच्या घराच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, विटांची भट्टी बांधली. धुराडे पुरुषभर उंच, म्हणजे नसल्यासारखेच. पत्रावळी, तबेल्यातले ओले गवत, चिंध्या, मेलेली कुत्री, कातड्याचे तुकडे, गाडीत जे पडेल ते भट्टीत जाई. गाड्या पहाटे भरत म्हणून भट्टी सूर्योदयाला पेटे, आणि नेमका तेव्हा वारा गावाकडचा. उजाडता उजाडता पिवळट धूर जमिनीलगत सरपटत आमच्या आळ्यांत शिरायचा. नानाच्या शाळेत सकाळच्या वर्गाला मुले पाढे कमी म्हणत आणि खोकत जास्त.

नानाने कमिटीकडे अर्ज केला. मुलांच्या छातीबद्दल त्याने दोन पाने भरून लिहिले होते. आमचे अध्यक्ष दादासाहेब, गावातले मोठे जमीनदार; माणूस वाईट नव्हे, पण दुसऱ्याचे दुखणे त्यांना नेहमी किरकोळ वाटते. त्यांनी अर्ज ऐकून घेतला आणि म्हणाले की धुराने उलट वाईट हवा मरते, डास मरतात, बाळंतिणीच्या खोलीत आपण धुरी देतोच की. अर्ज दप्तरात गेला. नाना माझ्याबरोबर घरी चालत येताना एवढेच म्हणाला की आपण चुकीच्या देवाला नवस केला.

मग त्याने युक्ती केली. नाना स्वतः सोवळ्याओवळ्याची थट्टा करणारा माणूस. पण एके सकाळी तो शास्त्रीबुवांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. दांडीवर बुवांचे सोवळ्याचे धोतर वाळत होते. हात न लावता, दुरूनच, त्याने त्यावर पडलेले काळे कण बुवांना दाखवले.

"बुवा, काल भट्टीत कुत्रं होतं," एवढेच तो म्हणाला आणि शाळेत निघून गेला.

आठ दिवसांत गाव खवळले. मुले वर्षभर खोकत होती तेव्हा कोणाची झोप मोडली नाही. सोवळ्यावर कुत्र्याची राख पडते म्हटल्यावर ज्यांनी आयुष्यात कमिटीची पायरी चढली नव्हती ते सभेला येऊन बसले. दादासाहेबांच्या मातोश्रींनी म्हणे दोन दिवस फराळावर काढले. कमिटीने नानालाच विनंती केली की नियम लिहून आणा.

ते नियम आम्ही दोघांनी माझ्या ओसरीवर बसून लिहिले. नानाची चार कलमे होती. कचरा दोन दिवस उन्हात वाळवून मगच जाळावा, म्हणजे धूर कमी होईल. कातडी, हाडे आणि मेलेली जनावरे भट्टीत न घालता पुरावीत. धुराडे माडाएवढे उंच करावे. आणि मास्तरांच्या घरावरील निशाण खाडीकडे फडकत असेल तेव्हाच भट्टी पेटवावी, कारण ते भट्टीवरून दिसते. नानाने सरळ लिहिले होते की धूर वस्तीवर जाऊ नये. मी ते दुरुस्त करून 'गावच्या हद्दीतील वस्तीवर' असे केले. वकिलाची खोड, हद्द घातल्याशिवाय वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. नाना म्हणाला, हद्द कशाला रे? मी म्हणालो, तू भूगोल शिकव, कायदा मला ठाऊक आहे. पुढे सभेत पहिली तीन कलमे बाजूला पडली, कारण त्यांना माणसे लागत होती, खड्डे लागत होते, विटा लागत होत्या. चौथ्याला फक्त मान वर करून बघायचे होते, ते एकमताने मंजूर झाले. नाना थोडा हिरमुसला, पण शिरकाव तर झाला, बाकीची तीन मागाहून करून घेऊ, असे त्याने स्वतःचे समाधान केले.

भट्टी दुपारी पेटू लागली आणि आमच्या आळ्यांतला धूर खरोखरच गेला. सोवळी पांढरी वाळू लागली, शाळेत पाढे ऐकू येऊ लागले. गावाने नानाला नारळ आणि उपरणे दिले. त्या दिवशी तो इतका खुशीत होता की घरी जाऊन त्याने काठीवर चक्क नव्या धोतराची चिंधी बांधली, आणि वहिनी चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

भट्टीच्या पलीकडे खाडीच्या कडेने मिठागरे आहेत, आणि त्यांच्या बांधावर मीठ पिकवणाऱ्या आगरी लोकांचा पाडा. चैत्रात, मिठाच्या ऐन हंगामात, त्या पाड्यातला पोशा नावाचा म्हातारा नानाच्या अंगणात आला. मी तिथेच बसलो होतो. आम्हा दोघांच्याही घरी वर्षाचे मीठ तोच आणून टाकायचा. ओटीवर न चढता त्याने पायरीवर पळसाचे पान ठेवले. पानात मूठभर मीठ होते. करडे, आणि त्यात काळे कण.

"मास्तर, मीठ बगा," तो म्हणाला. "कालं परलंय. नाक्यावर कोन घेत नाय. न् घरान पोरां खोकतान."

नानाने विचारले, कधीपासून? पोशाने कौलांकडे हात केला.

"ही तुमची काठी. रोज दुपारचे आमचेकरं बोट दावते. ती फिरली का आमी पोरां घेऊन पार लांबच्या बांधावर पलतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. काठी चुकून तिकडे वळली असेल आणि मास्तर ती सरळ करतील, असेच त्याला वाटत असावे. नानाने मिठातला एक काळा कण बोटावर घेऊन पाहिला. मग आत जाऊन वही घेऊन आला आणि पहिले पान उघडून माझ्यापुढे धरले. वही सुरू केली तेव्हा त्याने चारी दिशांना काय काय आहे ते लिहून ठेवले होते. पूर्वेच्या पुढे त्याच्या सुंदर अक्षरात होते... खाडी, वस्ती नाही.

भूगोलाच्या मास्तराने हे लिहिले होते, आणि त्याच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीत त्याच पूर्वेचे मीठ होते. पण त्याला एकट्याला कसे हसू? मीही ते पान पूर्वी पाहिले होते आणि मला त्यात चूक दिसली नव्हती. मीठ कुठून येते ते आम्हांला ठाऊक होते. तिथे राहणारी माणसे आमच्यासारखीच नाकाने श्वास घेतात, हे आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी नाना मला ओढत पाड्यावर घेऊन गेला. दुपारचे दोन वाजले असतील. समोर नानाच्या घरावरची चिंधी स्पष्ट दिसत होती. ती हळूहळू सैल पडली, मग आमच्याकडे वळून ताठ झाली. थोड्या वेळाने भट्टीतून धूर निघाला आणि सरळ आमच्यावर आला. बायका मीठ ओढत होत्या, त्यांनी पदर नाकाला लावले आणि ओढतच राहिल्या. माझे डोळे चुरचुरायला लागले. पोशाच्या सुनेने तांब्यातून पाणी आणले. मी नको म्हणालो. का ते तिला कळले आणि तिने मान खाली घातली. नानाने तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायला. परतताना मी त्याला म्हटले की पाणी प्यायलास हे कोणाला सांगू नकोस. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी गावापर्यंत त्याच्या दोन पावले मागेच चाललो. त्याने सांगितलेच नसते. मी घरी बायकोला सांगितले, आणि दोन दिवसांत ते सगळ्या गावाला माहीत झाले.

नानाने पुन्हा अर्ज केला. उरलेली तीन कलमे लागू करा, धुराडे उंच करा, निदान कुत्री तरी जाळू नका. सभेला शास्त्रीबुवा मुद्दाम येऊन बसले होते. दादासाहेबांनी मला सांगितले, वकीलसाहेब, तुमचे वाक्य वाचा. मी वाचले. गावच्या हद्दीतील वस्तीवर. दादासाहेब म्हणाले की पाडा आपल्या हद्दीबाहेर आहे, तेव्हा नियम मोडलेलाच नाही. नाना म्हणाला की तिथेही मुले आहेत. त्यावर शास्त्रीबुवांनी विचारले की त्या लोकांना कुठले आले सोवळे? आणि तिकडचे पाणी प्यायलेल्या माणसाने आम्हांला शुद्धाशुद्ध शिकवू नये, असेही कोणीतरी मागून बोलले. सभेत हशा पिकला. नानाचेच हत्यार होते ते, आणि त्याच्याच मानेवर चालले. सोवळ्याच्या नावाने जो नियम मिळवला, तो सोवळे नसणाऱ्यांच्या कामी यायचा नव्हता.

तेव्हा नानाने शेवटचे मागणे मागितले. मला ते शब्द अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

"मग माझा नियमच रद्द करा," तो म्हणाला. "एक दिवस सकाळी पेटवा, एक दिवस दुपारी. धूर आपण आणि ते वाटून घेऊ. पहिली सकाळ माझ्या घरावर येऊ दे."

त्याचा हेतू मला समजला. धूर पुन्हा आमच्या आळ्यांत आला असता तर महिन्याच्या आत धुराडे माडाएवढे झाले असते, कुत्री पुरली गेली असती. ज्याचे जळते त्याला कळते. इतर कोणाला नसेल कळले, पण मला कळले होते. हात वर करायला सांगितले तेव्हा नानाने माझ्याकडे पाहिले. अनुमोदनाला एक हात मिळाला असता तरी ठराव नोंदला गेला असता, पुढे कलेक्टरसाहेबांकडे नेता आला असता. माझी मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माझ्या घरी आली होती. नातू आठ दिवसांचा होता. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पूर्वेला... मी हात मांडीवरच ठेवला.

सभा संपल्यावर आम्ही नेहमीसारखे बरोबर चालत निघालो. मी मनात शंभर कारणे जुळवत होतो. नानाने एकही विचारले नाही. माझ्या घराच्या वळणावर थांबून त्याने विचारले, "नातू कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे. "त्याला जप," असे म्हणून तो पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला उलट बोलू शकलो असतो.

पुढे नाना रोज शाळा सुटली की पाड्यावर जायला लागला. मुलांना लांबच्या बांधावर नेऊन अक्षरे शिकवायचा आणि धूर कुठवर पोचतो ते वहीत लिहायचा. अर्ज चालूच होते, ठाण्याला, मुंबईला, जिथे टपाल जाते तिथे. उत्तर एकच यायचे, की बाब स्थानिक कमिटीच्या अखत्यारीतली आहे. त्याला खोकला लागला तो दुसऱ्या वर्षी. वैद्य म्हणाले, तिकडे जाऊ नका. तो म्हणाला, तिकडे जे राहतात त्यांना कुठे जायला सांगू? मी त्याच्याकडे जाणे कमी केले होते. कामे होती असे सांगत असे. कामे कोणाला नसतात?

शेवटचा भेटलो तो माघात. खाट खिडकीशी ओढून घेतली होती, तिथून भट्टी दिसते. शरीराचा नुसता सापळा राहिला होता, पण मला पाहून म्हणाला, "या भिकोबा वकील, वाट चुकलात वाटतं?" मग उशाखालची वही काढून त्याने पहिले पान दाखवले. 'वस्ती नाही' हे दोन शब्द खोडले होते आणि त्याखाली बारीक अक्षरात पाड्यातल्या माणसांची नावे लिहिली होती, घरागणिक, लहान मुलांसकट. पान पुरले नव्हते म्हणून समासातही लिहिली होती. काही नावांपुढे फुली होती. त्या फुलीचा अर्थ मी विचारला नाही, त्यानेही सांगितला नाही.

खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो म्हणाला, "तुझ्या वाक्यातून हद्द तेवढी काढ. मी 'वस्तीवर' एवढंच लिहिलं होतं बघ. बाकी काही नको."

"बघतो," मी म्हणालो.

"बघ," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. भिकोबा म्हणाला नाही.

कार्ड मिळाल्यावर गावी परतलो आणि समाचाराला त्याच्या घरी गेलो. अंगणात पाड्यावरची बरीच माणसे बसली होती, ओटीच्या खाली, उन्हात. पोशा त्यांत होता. त्याने मला ओळखले आणि बसायला जागा केली. मी उभाच राहिलो. तेवढ्यात कौलांवर पावले वाजली. वर म्युनिसिपालिटीचा शिपाई काठीला कोऱ्या मांजरपाटाची पट्टी बांधत होता. राधावहिनी आतल्या खोलीत होत्या, दाराआडूनच बोलल्या.

"भावोजी, मी ती काठी उतरवून ठेवली होती. शिपाई म्हणतो, तसं करता येणार नाही, कलमात आमचं घर लिहिलंय. ते तुम्हीच लिहिलंत ना?"

मी हो म्हणालो.  पट्टी कडक होती, दोन-तीन हिसके घेतल्यावर उलगडली आणि अंगणात बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून खाडीकडे वळली. कोणी न सांगता ती माणसे उठली आणि घराकडे निघाली, मुलांना लांबच्या बांधावर न्यायला.

आज हे लिहितो आहे ती दुपारचीच वेळ आहे. मुलगी माहेरपणाला आली आहे. माझ्या माडीवरून नानाच्या घरावरची ती पट्टी दिसते. रोज नजर जाते, न जाऊन सांगता कोणाला. हद्द काढून टाकण्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो कोटाच्या खिशात, त्या कार्डाला लागून आहे. नानाच्या मागे कमिटीच्या दोन सभा झाल्या, दोन्ही सभांना मी तोच कोट घालून गेलो होतो. तिसरी येत्या सोमवारी आहे. खाली अंगणात मुलीने धुतलेली धोतरे दांडीवर घातली आहेत, पांढरी स्वच्छ, आणि त्यांच्या खालून नातू धावतो आहे. तीन वर्षांचा होऊन गेला. त्याला अजून एकदाही खोकला झालेला नाही.